क्रासिस: मिसळणे आणि एकजीव होणे

‘क्रासिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘मिश्रण’ असा दिला जातो. तो चूक नाही, पण अपुरा आहे. हे नाम ‘केरान्नुमि’ (मिसळणे) या क्रियापदापासून आले असून, प्राचीन ग्रीक लोक द्राक्षमद्य पाणी घालूनच पीत असल्यामुळे ते ज्या रुंद तोंडाच्या भांड्यात कालवले जाई, त्याचे ‘क्रातेर’ हे नावही त्याच धातूचे आहे. ज्वालामुखीच्या मुखाला आपण ‘क्रेटर’ म्हणतो, ते त्या भांड्याच्या आकारावरून. आजच्या ग्रीकमध्ये तर ‘क्रासी’ म्हणजे मद्यच. मिसळण्याच्या क्रियेने पेयाचे जुने नाव ‘ओइनोस’ रोजच्या बोलण्यातून जवळजवळ हटवले.

प्राचीन ग्रीसमधील स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांनी नुसती सरमिसळ आणि क्रासिस यांत भेद केला: धान्याचे दाणे एकमेकांशेजारी राहतात, पण पाण्यातले मद्य सर्वत्र पसरते, तरीही आपले गुण टिकवते. शरीरातील द्रवांच्या समतोलालाही वैद्य हाच शब्द वापरत, आणि ‘इडिओसिंक्रसी’ (एखाद्याची खास लकब) या इंग्रजी शब्दात तो आजही आहे.

व्याकरणात शेजारच्या दोन शब्दांतील स्वर एकजीव होतात, तेही क्रासिसच: ‘काइ’ आणि ‘एगो’ मिळून ‘कागो’, म्हणजे ‘आणि मी’. संस्कृतातील च + अहम् = चाहम् याच्याशी अर्थासकट जुळणारे असे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. सोमरसात दूध मिसळण्यासाठी ऋग्वेदात येणारे ‘श्रीणाति’ हे रूपही भाषाशास्त्रज्ञ याच मूळ धातूशी जोडतात.