सोसायटी ग्रुप: पन्नास मिलिमीटरची चाकं आणि बिनलेबलचा डबा

सेक्रेटरी (सी-१०१), सकाळी ७:४२
बी विंगच्या लिफ्टसमोर रात्रीपासून एक मोठा खोका पडून आहे. ज्याचा असेल त्याने लगेच उचलावा. सिलिंडरवाला येतोय.

बी-२०३ (धाकटा), ७:४४
सॉरी काका, माझा आहे. आलोच. सायकलची चाकं आहेत, एका सीनियरकडून दोन दिवस चालवून बघायला आणली आहेत.

सी-४०१, ७:४५
कार्बन? किती डीप?

बी-२०३ (धाकटा), ७:४७
रिम ५० मिमी खोल (डीप), डिस्क ब्रेकची, हूकलेस. ७५ हजार म्हणतोय. निम्मे बाबा देणार आहेत. पुढच्या महिन्यात बेळगावला रेस आहे. भाईकाका, घेऊ का?

ए-३०४ (भाई), ८:१०
आत्ताच रायबंदरहून परतलो. सविस्तर लिहितो, आंघोळ करून.

ए-३०४ (भाई), ८:५२
हं. पहिली गोष्ट वजनाची, कारण विकणारा तीच आधी सांगतो. तू आणि सायकल मिळून ७५ किलो धर. नव्या चाकांनी ३०० ग्रॅम वाचले तर ते ०.४ टक्के झाले. केरीहून चोर्ल्याचा चढ तू ४० मिनिटांत चढत असशील तर वाचतील १० सेकंद. हलक्या चाकाने घाट चढता येतो हे खरं नाही, घाट पायांनीच चढावा लागतो.

डीप रिमचा खरा फायदा वाऱ्यात आहे. सपाटीवर ताशी तीस किलोमीटरच्या वर गेलं की बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. ३० वरून ३३ वर जायचं तर वेग दहा टक्केच वाढला, पण हवेसाठी लागणारी ताकद एक तृतीयांशाने वाढली. त्यामुळे ४० च्या वेगाने ग्रुपच्या पुढे खेचणाऱ्याला ५० मिमीचा उपयोग कळतो. पण हवा अडते ती मुख्यतः आपल्या अंगाला, चाकांचा वाटा लहान. तू अजून हात सरळ ठेवून, छाती ताठ करून बसतोस. कोपर वाकवून अर्धा तास खाली राहायची सवय केलीस तर या चाकांपेक्षा जास्त मिळेल, तेही फुकट.

आणि रायबंदरच्या कॉजवेवर एकदा ही चाकं लावून जाऊन ये. मिठागरांच्या बाजूने झोत आला की पुढचं चाक हातातून ओढल्यासारखं होतं. तुझं वजन ६२. माझं ८०, तरी मी तिथे ड्रॉप, म्हणजे हँडलचा खाली वाकलेला भाग, घट्ट धरतो. पुढे ३५ आणि मागे ५० असं लावणारे उगाच लावत नाहीत.

सी-४०१, ९:०५
भाई, हूकलेसचंही सांगा त्याला. आपल्याकडची पोरं टायरमध्ये अजून ११० पीएसआय हवा भरतात.

ए-३०४ (भाई), ९:११
ते तर सगळ्यात महत्त्वाचं. हूकलेस रिमच्या कडेला टायर अडकवणारा आकडा नसतो, त्यामुळे ५ बार म्हणजे साधारण ७२ पीएसआय ही वरची हद्द. त्याच्या वर गेलास तर टायर रिममधून निसटू शकतो. टायरही हूकलेससाठी चालतो असं लिहिलेलाच लागतो, कुठलाही नाही. २०२४ च्या यूएई टूरमध्ये थॉमस डे गेंट पडला तेव्हा त्याचा टायर हूकलेस रिमवरून सुटला होता आणि त्यावरून जगभर वाद पेटला. ते व्यावसायिक, मागे मेकॅनिकची गाडी. आपल्याकडे फर्मागुढीच्या उतारावर मागे असतो खनिजाचा नाहीतर वाळूचा ट्रक.

ए-१०१ (काकू), ९:२०
बाळा, आपला पोदेर बघ. पहाटे पाचला भोंपू वाजवत येतो, मागे पावाची एवढी मोठी टोपली, पावसात प्लॅस्टिक पांघरलेलं. त्याचीही सायकलच ना. ७५ हजार फार होतात रे.

ए-३०४ (भाई), ९:२४
काकू, त्याच्या पोलादी चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, मी दोनदा काढून दिलाय. इतका भार घेऊन फिरणारी चाकं आमच्यात कुणाकडे नाहीत.

सी-४०१, ९:४०
माझा अनुभव सांगतो, कारण हा खास गोव्याचा प्रश्न आहे. आधी मी दोनापावल्याला समुद्राला लागून राहत होतो. कार्बन चाकं घेतली, स्पोक रिमला आवळणारे निपल ॲल्युमिनियमचे. दुसऱ्या पावसाळ्यानंतर उभ्या सायकलचा रात्री "टक्" असा आवाज आला. सकाळी बघितलं तर एक स्पोक मोकळा लोंबतोय. चावी लावली आणि निपल बोटांत पांढरी भुकटी होऊन गळून पडलं. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारट ओल, की ॲल्युमिनियम गंजून खलास. महिन्याभरात अकरा निपल गेले. शेवटी सगळे पितळेचे घालून दोन्ही चाकं नव्याने बांधून घेतली. पितळेचे थोडे जड, पण टिकतात. बेअरिंगचंही तेच. पावसात भिजली की नुसतं पुसून भागत नाही, सील उघडून ग्रीस बदलावं लागतं.

तेव्हा चाकं घ्यायच्या आधी विचार: निपल कशाचे आहेत?

बी-२०३ (धाकटा), ९:४६
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. विचारतो.

बी-२०३ (धाकटा), ९:५८
आणखी एक विचारायचं होतं. इथेच विचारू की पर्सनलवर?

ए-३०४ (भाई), ९:५९
इथे लिही. सगळी आपलीच माणसं.

बी-२०३ (धाकटा), १०:०३
जिममध्ये येणाऱ्या एकाने पावडरचा डबा दिलाय. लेबल नाही. रेसच्या आधी अर्धा तास घे म्हणाला, पाय दुखत नाहीत. सगळेच घेतात, तू एकटाच मागे राहशील असंही म्हणाला. अजून घेतलेली नाही.

बी-२०३ (आई), १०:०५
हे मला आत्ता कळतंय.

ए-२०२ (डॉक्टर वहिनी), १०:२१
आधी एक बरं केलंस की विचारलंस. तो डबा उघडू नकोस, संध्याकाळी मला आणून दे.

बिनलेबलच्या पावडरीत काय असेल हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. भरमसाट कॅफिन असू शकतं, उत्तेजक असू शकतं, स्टिरॉइड किंवा वेदनाशामक मिसळलेलं असू शकतं. "पाय दुखत नाहीत" या शब्दांनीच मला काळजी वाटली. ट्रॅमाडॉल नावाचं गुंगी आणणारं वेदनाशामक सायकलिंगमध्ये फार वापरलं जायचं. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, त्यावर मार्च २०१९ पासून बंदी घातली आणि २०२४ पासून वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, सगळ्याच खेळांत स्पर्धेच्या वेळी. चाळीस-पन्नास जण खांद्याला खांदा लावून उतारावर सुटलेत आणि त्यातल्या एकाचं डोकं जड झालंय, एवढं डोळ्यासमोर आण. शिवाय दुखणं ही शरीराची हाक असते. ती बंद करून आपल्या उन्हात, घामात पळत राहिलं तर कधी थांबायचं ते कळत नाही.

दुसरं, साध्या औषधांचं. आपल्याकडच्या खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं आणि ते बंदी यादीत आहे. २०१९ मध्ये पृथ्वी शॉवर बीसीसीआयने आठ महिन्यांची बंदी घातली ती यावरूनच. नकळत खोकल्याच्या औषधातून गेलं हे मान्य झालं, तरी बंदी झालीच. कारण नियम असा आहे की अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. आई म्हणाली, मित्राने दिलं, हे चालत नाही. रेस असेल तेव्हा सर्दीची गोळीसुद्धा मला विचारून घे. रात्री अकराला फोन केलास तरी चालेल.

सेक्रेटरी (सी-१०१), १०:३०
पण वहिनी, बेळगावच्या रेसला कोण तपासायला येणार?

ए-२०२ (डॉक्टर वहिनी), १०:३४
कदाचित कुणीच नाही. म्हणून तर जास्त भीती वाटते. तपासणी असते तिथे निदान डॉक्टर तरी असतो. आणि २०२३ ला राष्ट्रीय स्पर्धा आपल्याच गोव्यात झाल्या, त्यातही खेळाडू चाचणीत सापडले. हे फार लांबचं राहिलेलं नाही.

ए-३०४ (भाई), ११:१५
पोरा, "सगळेच घेतात" या वाक्यावर मला लिहायचंय. जरा लांबेल.

१९९८ मध्ये इटलीच्या मार्को पांतानीने जिरो, म्हणजे इटलीची मोठी सायकल शर्यत, आणि टूर द फ्रान्स दोन्ही एकाच वर्षी जिंकल्या. डोक्याला रुमाल बांधलेला, लहान चणीचा माणूस, चढावर ड्रॉप पकडून उभा राहायचा आणि बाकीचे थांबल्यासारखे दिसायचे. मी त्याच्यापायी सायकल घेतली. त्याच टूरच्या तोंडावर फेस्टिना टीमचा मदतनीस विली वूट फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवर गाडीभर औषधांसकट पकडला गेला. त्यात मुख्य होतं ईपीओ. हे संप्रेरक आपल्या मूत्रपिंडात तयार होतंच, बाहेरून टोचलं की रक्तात तांबड्या पेशी वाढतात, प्राणवायू जास्त वाहिला जातो. पण रक्त दाट होतं आणि हृदयाला ते ढकलत बसावं लागतं. ईपीओ पकडणारी चाचणीच तेव्हा नव्हती. म्हणून यूसीआयने १९९७ पासून एवढंच ठरवलं होतं की रक्तात पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलं की त्या दिवशी घरी जा. जून १९९९ मध्ये जिरो जिंकायला दोन दिवस उरलेले असताना पांतानीचं ५२ निघालं. तो त्यातून सावरलाच नाही. १४ फेब्रुवारी २००४ ला रिमिनीच्या एका हॉटेलात एकटाच असताना वारला, ३४ वर्षांचा. मी त्याचं चित्र भिंतीवरून काढलं नाही. अजून आहे, येऊन बघ.

मग अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग. त्याचा पिवळा रबरी पट्टा माझ्या मनगटावर कितीतरी वर्षं होता. कॅन्सरमधून उठून सात टूर जिंकल्या, १९९९ ते २००५. आमच्या घरात तेव्हा कॅन्सरचं दुखणं चालू होतं, म्हणून त्या पट्ट्याचं मोल मला वेगळं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेचा अहवाल आला, सातही विजेतेपदं गेली, जानेवारीत त्याने टीव्हीवर कबूल केलं. त्या रात्री पट्टा कात्रीने कापला. आणि त्या सात वर्षांची विजेतेपदं कुणालाच दिली गेली नाहीत. यादीत विजेत्याची जागा कोरी आहे. "सगळेच घेतात" याचा शेवट असा होतो.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो ख्रिस्तॉफ बासों. तोही फेस्टिनाचाच. चौकशीत त्याच्या टीमच्या सोबत्यांनीच सांगितलं की हा घेत नव्हता. १९९९ च्या टूरमध्ये तो वर्तमानपत्रात स्तंभ लिहायचा आणि हा वेग खरा वाटत नाही असं उघड म्हणायचा. आर्मस्ट्राँग चालत्या रेसमध्ये त्याच्याजवळ आला आणि घरी जा म्हणाला. बाकीचे त्याच्याशी बोलेनासे झाले. शेवटी तो टूर अर्ध्यावर सोडून गेला. म्हणजे सगळे घेत नव्हते. जो घेत नव्हता त्याला बाहेर काढलं, आणि मग उरलेले म्हणाले सगळेच घेतात.

सी-४०१, ११:३१
भाई, मनापासून पटलं. पण आजचं काय? २०२४ ला आजचा अव्वल सायकलपटू पोगाचार टूरमधला प्लाटो द बेयचा चढ पांतानीच्या १९९८ च्या वेळेपेक्षा तीन मिनिटांहून अधिक लवकर चढला. चाकं आणि टायर एवढे सुधारले?

ए-३०४ (भाई), ११:४४
सायकल, टायर, कपडे, तासाला १०० ग्रॅमच्या वर कर्बोदकं पोटात घालायची शिकवण, उंचावरचा सराव, ग्रुपने वेग कसा ठेवला, सगळं मिळून बराच फरक पडतो. तीन मिनिटं पूर्ण भरून निघतात असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण तो कुठल्या चाचणीत सापडलेला नाही, आणि घड्याळ बघून मी कुणाला चोर म्हणणार नाही. २००८ पासून जैविक पासपोर्ट आहे, खेळाडूच्या रक्ताची वर्षानुवर्षांची नोंद ठेवतात आणि त्याच्याशीच ताडून बघतात. कार्बन मोनॉक्साइड वारंवार हुंगण्याचा प्रकार कानावर आला तर यूसीआयने २०२५ च्या फेब्रुवारीपासून त्यावरही बंदी आणली. पहारा आहे. पांतानीच्या वेळी एवढाही नव्हता.

चाकाचं मला म्हणूनच आवडतं. चाक सगळ्यांना दिसतं. स्टार्ट लाइनवर शेजारचा वाकून बघू शकतो, बोटाने वाजवू शकतो, किती डीप विचारू शकतो. २०१६ मध्ये बेल्जियमच्या एका मुलीच्या सायकलच्या नळीत मोटर सापडली तीसुद्धा सायकल उघडून बघता आली म्हणून. रक्त असं वाकून बघता येत नाही.

बी-२०३ (आई), १२:०२
भाई, आम्ही दोघं वाचतोय. त्याचे बाबा म्हणतात, चाकांचे पैसे द्यायला हरकत नाही, पण हरलास तरी चालेल हे आम्ही त्याला कधी सांगितलंच नाही.

बी-२०३ (धाकटा), १२:०४
आई, इथे नको ना.

बी-२०३ (धाकटा), १२:०९
वहिनी, डबा आणलाय, तुमच्या दारात ठेवला आहे. बेल वाजवली, तुम्ही पूजेत होता बहुतेक. झाकण उघडलेलं नाही.

भाईकाका, चाकवाल्याला विचारलं. निपल ॲल्युमिनियमचे आहेत. परत देतो.

ए-३०४ (भाई), १२:२०
शाब्बास. आता माझं ऐक. तुझी आत्ताची चाकं आण, दोन्हींचा आऊट काढू, बेअरिंग धुऊन ग्रीस भरू. टायर मात्र बदल. ते कडक स्वस्त टायर काढून चांगले मऊ २८ मिमी घाल, हवा ७० च्या आसपास. फोंडा ते बाणस्तारीचा खडबडीत रस्ता त्याच पायांनी वेगळा वाटेल. जोडी सात-आठ हजाराला येईल. उरलेल्यातून जेवण, झोप आणि बेळगावला जायचा-यायचा खर्च. डीप चाकं पुढच्या वर्षी, पितळी निपल असलेली, मी स्वतः बघून देईन.

सी-४०१, १२:२२
माझ्याकडे २८ ची एक जोडी आहे, तीनशे किलोमीटर चाललेली. तीच घेऊन जा, पैसे नकोत.

ए-१०१ (काकू), १२:२५
रेसच्या आदल्या दिवशी नाचणीचं तिजण करून देईन. त्यावर लेबल नाही, पण काय घातलंय ते मी सांगते: नाचणी, गूळ, नारळाचा रस, वेलची.

सेक्रेटरी (सी-१०१), १२:३१
खोका अजून लिफ्टसमोर आहे.

बी-२०३ (धाकटा), १२:३२
आत्ता नेतो काका. भाईकाका, उद्या किती वाजता?

ए-३०४ (भाई), १२:३३
साडेपाच, गेटपाशी. फर्मागुढी, म्हार्दोळ, मंगेशी, बाणस्तारीच्या पुलावरून परत. पुढे तू राहा, कोपर वाकवून. मी मागून बघतो.