मदत हवी आहे : लातूरमधील बालवाडीचे अंगण कसे आखावे?

नमस्कार. लातूर शहरात ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी आम्ही बालवाडी बांधत असून, इमारतीभोवती फरशी न घालता माती, झाडे आणि सावली राहावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. टोकियोजवळील ताचिकावा येथील फुजी बालवाडीत जुनी झाडे न तोडता लंबवर्तुळाकार छतातून वर येऊ दिली आहेत आणि मुले त्या छतावर धावतात; मात्र मे महिन्यात ४० अंशांपुढे जाणाऱ्या आपल्या उन्हात उघडी गच्ची उपयोगाची नाही, असे मला वाटते. गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत शाळाच नेणारी ताराबाई मोडक यांची कुरणशाळा मला अधिक जवळची वाटते.

खरी अडचण पाण्याची आहे. २०१६ मध्ये ज्या शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हिरवळ लावणे मला योग्य वाटत नाही. कडुनिंब व करंज लावून हात धुतलेले पाणी आळ्यांत सोडण्याचा विचार आहे. काळी माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा खेळण्याच्या जागी मुरूम टाकावा की वाळू? विषारी कण्हेर टाळणारच आहोत. आणखी कोणती झाडे टाळावीत? झाडे वाढेपर्यंत सावलीची सोय कशी करावी? मराठवाड्यात असे अंगण ज्यांनी आखले किंवा सांभाळले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.