मदत हवी आहे: मुंबईत बांधलेल्या ट्रिंकोमालीचं लाकडी मॉडेल, १८१७ सालचं करू की आत्ताचं? (आणि पावसाळ्यात प्लायचं काय करायचं?)

नमस्कार मंडळी,

इथे लाकडी जहाजांची मॉडेलं करणारं कोणी आहे का? असेल तर जरा सविस्तर विचारायचंय. धागा लांबलाय, सांभाळून घ्या.

आतापर्यंत किटवर कामं केलीत, म्हणजे खोक्यात सगळं कापून येतं, आपण फक्त चिकटवायचं (फक्त म्हणे!). पण बाहेरून मागवलेल्या किटवर कस्टम ड्यूटी लागून जी किंमत होते ती घरात खरी सांगता येत नाही, म्हणून यावेळी नुसत्या ड्रॉइंगवरून करायचं ठरवलंय. जहाज एचएमएस ट्रिंकोमाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही ब्रिटिश नौदलाची फ्रिगेट (तीन डोलकाठ्यांची वेगवान युद्धनौका) पण बांधली आपल्या मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली, मलबारच्या सागवानात. तेव्हा नेपोलियनच्या लढायांमुळे इंग्लंडात ओक मिळेनासा झालेला. १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली आणि अजून तरंगतेय, इंग्लंडात हार्टलपूलला म्युझियम म्हणून उभी आहे. लीडा क्लास (एकाच डिझाइनवरून बांधलेल्या फ्रिगेटांचा वर्ग) म्हणतात तो हा. मूळ डिझाइन १७८२ साली पकडलेल्या फ्रेंच एबे नावाच्या फ्रिगेटवरून उचललेलं, आणि त्याचा डिझायनर साने (आपले सदाशिव पेठेतले नव्हेत, फ्रेंच).

आराखड्यांचीही एक गंमत आहे. लंडनहून मुंबईला पाठवलेले ट्रिंकोमालीचे आराखडे एचएमएस जावा नावाच्या जहाजावर होते, ते जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ कॉन्स्टिट्यूशन नावाच्या अमेरिकन युद्धनौकेने संपवलं, मग पुन्हा दुसरा सेट पाठवावा लागला. म्हणजे आपलं कुरिअर उशिरा आलं तर फार चिडू नये.

आता मुद्दा. आज हार्टलपूलला जे जहाज दिसतं ते मुंबईहून निघालेलं जहाज नाहीये. १८४५ नंतर तिच्यात बरेच बदल केले, तोफा कमी पण मोठ्या केल्या, मागची बाजू बदलली आणि कॉर्व्हेट (फ्रिगेटपेक्षा खालच्या दर्जाची युद्धनौका) म्हणून नवी वर्गवारी दिली. नेटवर ढिगाने फोटो आहेत ते सगळे या नंतरच्या रूपाचे. मला मात्र मुंबईतून निघालेलीच करायची आहे, कारण नाहीतर मग ट्रिंकोमालीच का, दुसरं कुठलंही करता येईल की. तर १८१७ च्या रूपासाठी भरवशाचं ड्रॉइंग कुठलं धरायचं? मागच्या खिडक्या आणि दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या तेव्हा कशा होत्या हे कशावरून काढायचं?

दुसरं दुखणं एकदम व्यवहारातलं. स्केल १:६४ घेतलंय. खरी लांबी साधारण १५० फूट, म्हणजे नुसता हल (जहाजाचं धड) ७१ सेंमीच्या आसपास येतो. फॉल्स कील (मॉडेलचा मधला लांब कणा) ६ मिमी प्लायमधून कापून घेतली, मे महिन्यात काचेवर ठेवून बघितली तर सरळसोट होती आणि आता जुलैत तीच केळ्यासारखी झालीय, मधोमध चांगला ४ मिमी बाक आहे. डोंबिवलीत राहतो, खिडकी उघडली की खाडीचा दमटपणा आत. अजून बल्कहेड (कण्यावर आडवे बसणारे, हलच्या छेदाच्या आकाराचे तुकडे) चिकटवलेले नाहीत. हीच सरळ करून वापरू की फेकून देऊ?

तिसरं, लाकूड. आमचे सुतारकाका म्हणतायत जहाज सागवानी होतं तर मॉडेलही सागवानीच पाहिजे, पट्ट्या मी कापून देतो. मोह होतोय, पण किटमध्ये कधी साग बघितला नाही त्यामुळे शंका आहे. बासवूड (किटमध्ये येतं ते लाकूड) बाहेरून मागवायचं नाहीये.

आणि शेवटचं, नाळेकडचं (पुढच्या टोकाचं) प्लँकिंग, म्हणजे हलवर पट्ट्या लावणं. फ्रिगेटचा पुढचा भाग चांगलाच गोल आहे, मागच्या किटला तिथे पट्ट्या एकावर एक चढत होत्या आणि मी पुटी भरून रंगवून टाकलं. यावेळी तळाला तांबं लावणार आहे म्हणजे तसं बघितलं तर झाकलं जाईल, पण मनाला पटत नाही. कोणी नीट सांगेल का?

---

खाडीपलीकडे:

भारी विषय! ड्रॉइंगचं मी सांगतो. ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे ॲडमिरल्टीचे आराखडे आहेत, लीडा क्लासचे पण आहेत, पैसे भरून प्रत मिळते. मूळ आराखडे बहुतेक १:४८ ला असतात, म्हणजे तुमच्या १:६४ साठी बरोब्बर ७५ टक्क्यांवर प्रिंट मारायची. फक्त एक करा, झेरॉक्सवाल्याने दिलेली प्रिंट तशीच वापरू नका, मोठ्या मशीनवर कागद ज्या दिशेने सरकतो त्या दिशेला ड्रॉइंग किंचित ताणलं जातं. आराखड्यावर फुटांची पट्टी काढलेली असते ती आडवी मोजा आणि एखादं माहीत असलेलं उभं माप घेऊन तेही ताडून बघा. दोन्ही दिशांना जमलं तरच कापायला घ्या.

मागच्या बाजूसाठी हार्टलपूलचे फोटो सरळ बाजूला ठेवा. मूळ लीडा क्लासचं ड्रॉइंग बघा, जुन्या पद्धतीचा चौकोनी स्टर्न (मागची बाजू) आहे. ॲम्फिट्राइट म्हणून हिचीच बहीण मुंबईतच १८१६ ला उतरली, ती पण त्याच घराण्यातली. डंडीला एचएमएस युनिकॉर्न आहे ती पण लीडाच म्हणतात पण ती १८२४ ची आणि तिच्या बांधणीत बरेच बदल केलेले, तिच्यावरून मागची बाजू उचलू नका.

---

वखारवाला:

नाव बघून ओळखलं असेलच, घरचा धंदा लाकडाचा आहे.

सुतारकाकांना माझा नमस्कार सांगा आणि साग नको म्हणून सांगा. सागाचा रेषा मोठा. टेबलाला छान दिसतो पण १:६४ ला तीच रेष खऱ्या जहाजावर दोन तीन इंच रुंद झाली समजा. शिवाय एक मिमीची पट्टी वाकवायला गेलात की रेषेवर चिरते, आणि लाकूड तेलकट असल्यामुळे गोंद नीट धरत नाही, थिनरने पुसून घ्यावं लागतं. सागाचा हट्टच असेल तर स्टँड करा सागाचा, काका पण खूश.

प्लँकिंगला हेदू बघा, हळदू पण म्हणतात. पिवळसर, रेषा बारीक, कोरीव कामाला चालतो, कडा धारदार राहते. वरच्या थराला एकदम योग्य. आतल्या पहिल्या थराला शिवण घ्या, हलकं आहे, वाकतं बऱ्यापैकी आणि हवामानाने फार हलत नाही. दोन्ही वाळलेलंच मागा. ओलं लाकूड स्वस्त देतील, घेऊ नका, पट्ट्या कापल्यावर आठवड्यात साप होतात. पट्ट्या कापून आणल्या की घरात बांधून सपाट ठेवा दोन तीन आठवडे, त्या खोलीची हवा त्यांना लागू दे आणि मग हात लावा.

प्लायचं, स्पष्ट बोलू का? टाकून द्या. सरळ केलेला प्लाय पुढच्या पावसाळ्यात परत जातो आणि तेव्हा त्यावर तुमचं वर्षाचं काम असेल. चांगल्या प्रतीचा वॉटरप्रूफ प्लाय घ्या, कापल्या कापल्या सगळ्या कडांना आणि दोन्ही बाजूंना चपडा (लाखेचं पॉलिश) मारा. लोक एकाच बाजूला मारतात, मग दुसऱ्या बाजूने ओल पितो आणि वाकतो.

---

नाळ_ते_सुकाणू:

वखारवाल्यांशी सहमत पण फेकायची घाई नको राव. बल्कहेड लागलेले नाहीत ना, मग हीच कील सपाट फळीवर दोन लोखंडी अँगलच्या मध्ये घट्ट धरा आणि तशी धरूनच बल्कहेड बसवा, प्रत्येक दोन बल्कहेडच्या मधे लाकडाचे ठोकळे भरा दोन्ही बाजूंनी. ठोकळे बसले की ती कुठे जात नाही. मी असं केलंय, चाललंय. मात्र प्लँकिंग करताना एक पट्टी डावीकडे एक उजवीकडे असंच जायचं, एक बाजू आधी संपवली तर अख्खा हल पिळतो. आणि हे काम जमलं तर दिवाळीनंतर करा, आत्ता तोफा बिफा करत बसा.

आता नाळेचं. पट्ट्या चढतात कारण मधे जागा जास्त आणि पुढे कमी, आणि आपण सगळीकडे सारख्याच रुंदीची पट्टी कोंबतो. मोजून करा. कागदाची बारीक पट्टी घ्या, मधल्या बल्कहेडवर वेलच्या (हलच्या बाजूने जाणाऱ्या जाड फळ्यांच्या पट्ट्याच्या) खालच्या कडेपासून कीलपर्यंत लावा, समजा १३२ मिमी आलं. ४ मिमीची पट्टी धरली तर ३३ पट्ट्या. आता तीच कागदी पट्टी पुढे नाळेशी लावा, तिथे येतील ७० च्या आसपास. ७० भागिले ३३, म्हणजे तिथे प्रत्येक पट्टी २.१ मिमीची हवी. प्रत्येक बल्कहेडवर अशा खुणा करून घ्या पेन्सिलने, आणि पट्टी लावायच्या आधी त्या मापांना रंधून निमुळती करा. पट्टी निम्म्याहून बारीक करायची नाही हा नियम पाळा, निम्म्याच्या खाली जायला लागली की तिथे दोन पट्ट्या संपवून एक पुढे न्यायची. मागे सुकाणूकडे उलट होतं, तिथे जागा उरते, तिथे पाचरीसारखी जादा पट्टी घालावी लागते. ती जबरदस्तीने वाकवून भरू नका, पट्टीला जिथे जायचंय तिथे जाऊ द्या आणि उरलेली फट नंतर भरा.

वाकवायला गरम पाण्यात भिजवून केस सरळ करायच्या मशीनमध्ये धरा. घरात परवानगी घेऊन.

चिकटवायला फेविकॉल. फेविक्विक नाळेच्या टोकाला टिपक्यापुरतं ठीक, बाहेर सांडलं तर पांढरा डाग पडतो आणि वर पॉलिश धरत नाही.

---

कोकणी_कासव:

मुंबईचंच करायचंय तर मराठ्यांचा गुराब का नाही? आंग्र्यांचं आरमार सोडून इंग्रजांची फ्रिगेट!

---

धागाकर्ता:

@कोकणी_कासव, मनात आहेच हो. पण गुराबाचं वर्णन मिळतं, दोन तीन डोलकाठ्या, पुढे गॅलीसारखी (वल्ह्यांच्या जुन्या युद्धनौकेसारखी) लांब नाळ, तिच्यावरून पुढे मारा करणाऱ्या तोफा, एवढं ठीक. मात्र बल्कहेड कापायला वर्णन पुरत नाही, दर दोन फुटांवर हलचा आडवा छेद लागतो. तो अंदाजाने काढला तर शोभेची वस्तू होईल, मॉडेल नाही. ट्रिंकोमालीला आराखडा आहे म्हणून ती.

बाकी सगळ्यांचे खूप आभार, कागदाच्या पट्टीचं आजच करून बघतो. हेदू विचारला, वखारीतल्या माणसाने आधी माझ्याकडे बघितलं मग विचारलं किती घनफूट.

---

खाडीपलीकडे:

परत आलो, कारण एक मुद्दा कोणीच काढला नाही. तुम्ही १८१७ ची म्हणताय, म्हणजे पूर्ण शिडं आणि सगळ्या तोफा बाहेर काढलेली असं डोक्यात आहे का? इतिहास बघा जरा. मुंबईहून निघून ती जानेवारी १८१९ मध्ये सेंट हेलेनाला सहा दिवस थांबली (नेपोलियन तेव्हा तिथेच कैदेत), ३० एप्रिल १८१९ ला पोर्ट्समथला पोचली, आणि मग फिटिंग करून राखीव म्हणून उभी करून ठेवली ती थेट १८४५ पर्यंत. लढाई संपलेली ना. कामाला लागली १८४७ ला, पण तोवर २६ तोफांची कॉर्व्हेट झालेली. म्हणजे जी ३८ तोफांची फ्रिगेट तुम्ही करणार ती त्या रूपात नौदलाच्या ड्यूटीवर कधी गेलीच नाही! आणि ३८ हा पण नुसता दर्जा, मुख्य डेकवर १८ पौंडी (म्हणजे गोळ्याचं वजन) २८ तोफा, वर नऊ पौंडी, आणि कॅरोनेड (जवळच्या माऱ्याच्या आखूड तोफा) तर मोजायचेच नाहीत. १८१७ च्या फेब्रुवारीत मोजायची पद्धत बदलली आणि त्याच वर्गाला ४६ म्हणायला लागले.

माझं मत, शिडं नकोतच. नुसता हल करा, पाण्यात उतरवायच्या दिवशीचा, डोलकाठ्यांशिवाय. वाडिया मंडळी जहाजाच्या कीलमध्ये चांदीचा खिळा ठोकायचे तो पण स्टँडच्या पाटीवर लावता येईल. आणि जागेचा हिशेब करा, डोलकाठ्या आणि पुढचा बोस्प्रिट (नाळेवरून पुढे झुकलेली डोलकाठी) धरून मीटरच्या वर लांबी, पाऊण मीटर उंची, आडव्या परबाणांची (शिडाच्या काठ्यांची) रुंदी ४० सेंमी. काचपेटी कुठे ठेवणार डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये?

---

वखारवाला:

टीव्ही काढा.

---

नाळ_ते_सुकाणू:

नुसत्या हलला +१. दोऱ्या गाळल्या तर निम्मं काम कमी, रॅटलाइनच्या (दोरीच्या शिडीच्या पायऱ्यांच्या) गाठी मारून माझी मान गेलीय.

तांब्याचं राहिलं. खरे पत्रे साधारण ४ फूट बाय १४ इंच असायचे, १:६४ ला १९ मिमी बाय साडेपाच. स्टेन्ड ग्लासवाले लोक तांब्याची चिकट टेप वापरतात ती ७/३२ इंच रुंदीत मिळते, म्हणजे साडेपाच मिमीच, कापत बसायला नको, फक्त १९ ला तुकडे करा. सुरुवात मागून, सुकाणूकडून, आणि पुढचा पत्रा मागच्या पत्र्याच्या कडेवर यायला हवा, म्हणजे पाणी कडेखाली घुसत नाही. खिळ्यांचे ठसे मारू नका, किटवाले मारतात ते या स्केलला घागरीएवढे दिसतात. लावायच्या आधी हातमोजे, नाहीतर पंधरा दिवसांनी प्रत्येक पत्र्यावर तुमच्या अंगठ्याचा ठसा काळा होऊन उठेल.

---

धागाकर्ता:

@खाडीपलीकडे, तुम्ही माझा अर्धा प्लॅन उडवलात आणि पटलं पण. नुसता हल करतो, चौकोनी स्टर्न, तोफांची दारं बंद. बायकोला सांगितलं की डोलकाठ्या नाहीत, ती म्हणाली मग टीव्ही राहू दे.

कीलचं मात्र दोन मतं झालीत. मी वखारवाल्यांचं ऐकून नवीन प्लाय आणतोय आणि नाळ_ते_सुकाणूंचे ठोकळे पण भरणार, दोन्ही. आता एवढंच सांगा, चपडा मारल्यावर त्यावर फेविकॉल धरतो का? की बल्कहेडच्या खाचा चपड्याविना कोऱ्या ठेवायच्या?

---

वखारवाला:

खाचा कोऱ्या ठेवा. मास्किंग टेप लावा आणि मग चपडा मारा, सुकला की टेप काढा. ठोकळे जिथे बसणार तिथे पण तेच. आणि हेदू घनफुटात मागू नका, तुकडा मागा, कोपऱ्यात पडलेला असतो.