चिपळूणजवळ घर बांधायचंय: जांभा की आरसीसी?

पागोळी:
चिपळूणपासून आत सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची जागा आहे. तळमजला आणि वर एक खोली, एवढंच बांधायचंय. आईबाबा तिथेच राहणार, आम्ही पुण्याहून येऊनजाऊन. मनात जांभ्याच्या चिऱ्यांच्या, म्हणजे कापलेल्या तांबड्या दगडांच्या, भिंती आणि कौलं आहेत. कंत्राटदाराचं म्हणणं, "ताई, लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच घराचा भार, हल्ली कोण करतं? कॉलम उभे करू, एएसी (सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक भरू, वर सपाट स्लॅब." चिऱ्याचा लुक हवा तर बाहेरून टाइल लावून देतो म्हणाला! बजेट फार ताणता येणार नाही. ज्यांनी बांधलंय त्यांनी सांगा.

सड्यावरचा:
चिऱ्याच्या गावात चिऱ्याची टाइल. धन्य आहे.

एवढ्या घराला लोडबेअरिंग जांभा पुरतो. कॉलमही घालायचे आणि वर 9 इंची चिराही भरायचा, असं मात्र करू नका. भार कॉलम घेणार आणि पैसे दोन्हीचे जाणार. एएसी ब्लॉक वाईट नाही. हलका असतो, काम भराभर उरकतं. पण तो पाणी पितो, आणि ब्लॉक नि कॉलम जुळतात तिथे जाळी न मारता गिलावा केला की उभी चीर ठरलेली. पश्चिमेच्या झडीत त्या चिरेतून पाणी थेट आत.

विटकरी:
स्वस्त घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर, त्यांची पद्धत बघितलीत का? रॅट ट्रॅप बाँडमध्ये विटा उभ्या लावतात, मध्ये पोकळी राहते. साधारण पाव भाग विटा वाचतात, घरही कमी तापतं. त्रिवेंद्रमला त्यांनी बांधलेलं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचं आवार जरूर बघा.

सड्यावरचा:
@विटकरी, ती जुळणी विटांची. चांगली वीट घाटावरून आणायची तर भाड्यातच बचत संपली. आणि बेकरांचा आग्रहच मुळी जवळचं सामान वापरण्याचा होता, म्हणजे इथे चिराच. त्यांच्याकडून घ्यायची तर फिलर स्लॅब घ्या. स्लॅबच्या खालच्या भागात ताण असतो. तो सळई घेते, तिथलं काँक्रीट फारसं काम करत नाही. म्हणून सळयांच्या चौकटीत जुनी मंगलोरी कौलं ठेवून वरून काँक्रीट ओततात. काँक्रीट वाचतं, वजन कमी होतं, खालून कौलांची नक्षी दिसते. वरच्या खोलीखाली हाच घाला. कौलं आधी भिजवून घ्या, नाहीतर काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतात.

आरेखन:
स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, म्हणून एक खोडा घालतो. लोडबेअरिंगला माझी हरकत नाही, नुसत्या चिऱ्यावर चिरा रचायला आहे. तुमच्या डोक्यावर कोयना आहे. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप विसरू नका. जोत्यावर, दारंखिडक्यांच्या वर आणि छपराखाली असे आरसीसी पट्टे भिंतीवरून अखंड फिरले पाहिजेत, आतल्या भिंतींवरूनही. किमान 3 इंच जाडी आणि 2 सळया. नेमकं किती ते हिशोब करून ठरेल. कोपऱ्यांत उभ्या सळया. उतरत्या छपराच्या टोकाची त्रिकोणी भिंत हमखास विसरतात, भूकंपात तीच आधी पडते. तिलाही पट्टा हवा. खिडकी कोपऱ्याला चिकटवू नका, मग आर्किटेक्ट कितीही गळ घालो.

पागोळी:
हे कोणीच सांगितलं नव्हतं! छपराचं काय? आणि बाबांना ओलीची भीती आहे. जुन्या घराला पावसाळाभर ओल असायची.

माजघर:
आमच्याकडे आधी सपाट स्लॅब झाला, मग तो गळला, मग वर पत्रा. निम्म्या कोकणाची हीच कथा. तुम्ही पहिल्यापासूनच उतार द्या. लाकूड परवडत नसेल तर लोखंडी सांगाडा चालतो, पण कौलं चढायच्या आधी रंग सगळीकडून लागू दे. नंतर वरच्या बाजूला ब्रश पोचत नाही. पाखं भिंतीच्या बाहेर 3 फूट तरी काढा. पश्चिमेला पडवी घेतलीत तर उत्तमच, झड पडवीवर जाईल, भिंतीवर नाही.

ओल दोन वाटांनी येते, खालून आणि झडीतून. जोतं उंच घ्या, त्यावर ओलरोधक थर न चुकता. बाहेरून सिमेंटचा गिलावा टाळा, आत शिरलेलं पाणी बाहेर पडायची वाटच बंद होते. नुसत्या दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांधी, नीट भरून घ्या.

सड्यावरचा:
चिरा बघून घ्या. एकाच खाणीत वरचा थर कडक आणि खालचा शेडीसारखा, म्हणजे पांढऱ्या मातीसारखा मऊ, असं होतं. वाळलेला चिरा वजन करा, 24 तास पाण्यात बुडवा, पुन्हा वजन करा. 12 टक्क्यांहून जास्त पाणी प्यायला तर ती गाडी परत. ताजा कापलेला लगेच लावू नका, हवेवर तो कडक होत जातो. जमलं तर एक पावसाळा उघड्यावर राहू दे. मऊ असेल तो कडांनी झडतो, आपोआप कळतं.

पागोळी:
म्हणजे चिरा मेअखेर उतरवून ठेवायचा आणि काम दिवाळीनंतर काढायचं. @आरेखन, पट्ट्यांची ड्रॉइंग करून द्याल का? फी व्यनितून (खाजगी निरोपातून) कळवा. कंत्राटदार बदलते आहे. लोडबेअरिंग येणारे गवंडी कोणाच्या माहितीत आहेत?

माजघर:
आहेत. व्यनि बघा. गणपतीच्या आधी बोलून ठेवा, नंतर हाताला लागत नाहीत.