वॉल्टरने पैसे नाकारले ते धैर्य की अविचार? आमच्या वाचनगटात वाद पेटलाय

लालबागची_वाचक

नमस्कार मंडळी,

लालबागला आमचा छोटा वाचनगट आहे. शनिवारी संध्याकाळी चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत जमतो. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या दोघी, काही गृहिणी, निवृत्त गिरणी कामगार आणि कॉलेजची तीन-चार मुलं. मी रात्रशाळेत इंग्रजी शिकवते, त्यामुळे इंग्रजी पुस्तक असलं की मी मराठीतून सांगत जाते आणि महत्त्वाचे प्रवेश सगळे मिळून वाचतो. यंदा मुलांच्या आग्रहाने अमेरिकन साहित्य घेतलंय. स्वप्नं, हिंमत आणि हालअपेष्टा या अंगाने वाचायचं ठरलं.

सध्या लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' चालू आहे. १९५९ साली ब्रॉडवेवर आलेलं नाटक. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी गोष्ट सांगते. शिकागोच्या साउथ साइडला राहणारं यंगर हे कृष्णवर्णीय कुटुंब. आई, मुलगा वॉल्टर, सून रूथ, कॉलेजात जाणारी मुलगी बेनीथा आणि नातू ट्रॅव्हिस. जागा अपुरी. बाथरूम शेजाऱ्यांशी सामायिक, त्यामुळे सकाळी डोळे उघडल्यापासून नंबर लावायची घाई. ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतो, म्हणजे मोठ्या माणसांच्या गप्पा आटोपेपर्यंत पोराला झोप नाही. हा भाग आमच्या गटात मला समजावून सांगावाच लागला नाही.

वारलेल्या वडिलांच्या विम्याचे १०,००० डॉलर यायचे आहेत. वॉल्टर एका श्रीमंताची गाडी चालवतो, त्याला भागीदारीत दारूचं दुकान काढायचंय. आई त्यातले ३,५०० भरून गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. उरलेले ६,५०० वॉल्टरच्या हाती देते आणि बजावते की ३,००० बेनीथाच्या डॉक्टरकीसाठी बँकेत टाक. तो सगळेच भागीदारीत घालतो आणि भागीदार पैसे घेऊन पळतो. त्या नव्या वस्तीतला एक सभ्य बोलणारा गृहस्थ आधीच येऊन गेलेला असतो: तुम्ही आमच्यात राहायला येऊ नका, घर आम्ही जास्त पैसे देऊन परत घेतो. सगळं बुडाल्यावर वॉल्टर त्याला बोलावून घेतो, पैसे घ्यायच्या तयारीने. पण ऐन वेळी, पोरगा समोर उभा असताना, नाही म्हणतो. सामान निघतं.

इथे आमच्यात जुंपली. गिरणीत आयुष्य काढलेले एक काका उखडलेच. म्हणाले, "खिशात दमडी नाही, बहिणीचं शिक्षण बुडवलंय, आणि हा बाणा दाखवतोय! घ्यायचे होते पैसे, दुसरीकडे घर बघायचं होतं." मुलं वॉल्टरच्या बाजूने.

माझं मत या दोन्हींहून वेगळं आहे. मला वाटतं सगळे वॉल्टरवर भांडतात आणि रूथकडे कुणी बघतच नाही. ती लोकांच्या घरी कामाला जाते. पुन्हा दिवस गेलेत, आणि या घरात आणखी एक जीव कुठे मावणार म्हणून मूल पाडायचं ठरवून एका बाईला आगाऊ ५ डॉलर देऊन आलेली आहे. पैसे बुडाल्याचं कळतं, खुद्द आईच म्हणते की जाऊ दे, घर रद्द करू. तेव्हा रूथ उसळते. महिना १२५ डॉलरचा हप्ता, घरात चार मोठी माणसं, मी मूल पाठीला बांधून शिकागोतल्या सगळ्या स्वयंपाकघरांतून वीस-वीस तास राबेन, पण इथून निघायचंच. वॉल्टरचा बाणा यानंतरचा आहे. रूथ आधीच हप्त्याचा हिशेब करून उभी आहे. नाटकातलं खरं धैर्य मला तिथे दिसतं.

तुम्हाला काय वाटतं? आणि यानंतर काय वाचावं?

---

परळ_भोईवाडा

ताई, तुमच्या काकांचा राग मला कळतो. माझे वडील साचा चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. संपानंतर गिरणी धड चाललीच नाही, शेवटी वडिलांनी हिशेब घेतला. फंड, ग्रॅच्युइटी मिळून जे हाती आलं ते एका जिवलग मित्राबरोबर टेम्पोच्या धंद्यात घातलं. मित्र एक दिवस गावी गेला तो परत आलाच नाही.

भागीदार पळाल्याची बातमी घेऊन धंद्यातला दुसरा भागीदार बोबो दारात येतो ना, तो प्रवेश मी एका दमात वाचू शकलो नाही. तो बिचारा स्वतःही बुडालेला असतो आणि त्यालाच हे सांगायला यावं लागतं.

पण रूथपुढे वॉल्टर कमी, हे मला पटत नाही. पैसे बुडाल्यावर माझे वडील वॉचमनच्या नोकरीला लागले, घर चालवलं, कुणाचं देणं ठेवलं नाही. मात्र आम्हा भावंडांच्या नजरेला नजर देणं त्यांनी सोडलं. जेवतानासुद्धा भिंतीकडे बघत जेवायचे. वॉल्टर आधी गुडघे टेकून, त्या गोऱ्या माणसापुढे कसा लाचार होणार त्याची नक्कल करून दाखवतो, सगळ्या घरासमोर. इतकं खाली गेलेला माणूस दुसऱ्याच क्षणी पोराच्या खांद्यावर हात ठेवून बोलतो की हे घर माझ्या बापाने एक-एक वीट करत आमच्यासाठी कमावलंय. बुडालेल्या माणसाने पुन्हा पोरासमोर ताठ उभं राहणं काय असतं ते मी घरात पाहिलंय, म्हणजे ते घडलं नाही हे पाहिलंय. आईने आमच्या खानावळीचे डबे करून घर तारलं, तिला तोड नाही. पण त्या एका गोष्टीची उणीव ती भरून काढू शकली नाही.

---

अनुजा_व

मी उपनगरातल्या एका कॉलेजात हे नाटक शिकवते. लालबागची_वाचक, तुमच्या बाजूला एक भक्कम पुरावा लेखिकेच्या घरातूनच मिळतो.

१९३७ साली हॅन्सबेरींच्या वडिलांनी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. तिथल्या मालकांनी आपसात करार केलेले असत की कृष्णवर्णीयांना घर विकायचं नाही की भाड्याने द्यायचं नाही. घरावर जमाव चालून आला, वीट भिरकावली गेली, लहानगी लॉरेन थोडक्यात वाचली. वडील कोर्टात लढत राहिले. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण तो प्रक्रियेच्या मुद्द्यावर. तसले करार मोडीत निघाले नाहीत. न्यायालयांनी ते अंमलात आणू नयेत हा निकाल यायला १९४८ उजाडलं, आणि घर विकताना-देताना भेदभाव करायला बंदी घालणारा केंद्रीय कायदा १९६८ चा. नाटक या दोहोंच्या मधलं आहे. म्हणजे तो गोड बोलणारा गृहस्थ पैसे घेऊन येतो, कारण कोर्टाचा दरवाजा त्याला बंद झालाय.

आता तुमच्या मुद्द्याचं. लॉरेनने पुढे एका पत्रात लिहिलंय की वडील कोर्टात लढाईचा प्रतिष्ठित भाग लढत होते तेव्हा आई रात्र-रात्र भरलेलं पिस्तूल घेऊन घरात फेऱ्या मारत चार मुलांची राखण करत होती. वडिलांचं नाव खटल्याला मिळालं, कायद्याच्या पुस्तकात गेलं. आईच्या त्या रात्री मुलीने लिहिल्या नसत्या तर कुणाला कळल्याही नसत्या. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुली एकदम सावरून बसतात.

आणि वडिलांचा शेवट असा की ते अमेरिकेला विटून मेक्सिकोत कुटुंब हलवण्याच्या तयारीत होते, १९४६ मध्ये तिथेच वारले. त्यामुळे यंगर कुटुंबाचं सामान निघालं म्हणजे सुखान्त झाला असं मला शिकवता येत नाही.

---

निळी_पहाट

सगळ्यांचं वाचलं. धैर्य वॉल्टरचं की रूथचं यावरच चर्चा थांबली तर मोठी गोष्ट निसटेल, म्हणून लिहितोय.

"पैसे घ्या आणि दुसरीकडे घर बघा" हे काकांचं म्हणणं घरखर्चाच्या हिशेबाने बरोबर असेल. पण वस्त्या नेमक्या याच रस्त्याने बंद राहतात. मुंबईत भाड्याने खोली बघायला गेलेल्या माझ्यासारख्याला हे सांगायला नको. आडनाव विचारतात, मांसाहारी आहात का विचारतात, मग फोन येतो की खोली गेली. शिवी कुणी देत नाही. बोलणं अगदी मऊ असतं, त्या नाटकातल्या गृहस्थासारखंच. मी दर वेळी मुकाट दुसरी खोली शोधली. वॉल्टरचा नकार वाचताना मला वाटलं, हा एकट्याच्या घराचा प्रश्न नाही, याच्या मागून येणाऱ्यांसाठीही हा दरवाजा अडवून धरतोय.

आपल्याकडे हे नातं जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं ते अमेरिकेत गुलामांना दास्यातून मोकळं करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. १९७२ साली याच मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नावासकट अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेकडे बघत. म्हणून पुढच्या वाचनासाठी मी गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मकथन सुचवेन. आकाराने छोटं आहे. मालकीणबाई त्याला अक्षरं शिकवायला लागते, मालक तिला थांबवतो की गुलाम वाचायला शिकला तर तो गुलाम राहायच्या कामाचा उरणार नाही. पोरगा ते ऐकतो आणि त्याला सुटकेची वाट कळते. पुढे रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून शिकतो. रात्रशाळेत शिकवणाऱ्या बाईंनी हे पान मुलांसमोर वाचावंच.

---

फिरतीवाला

मी औषध कंपनीत एमआर. बॅग खांद्याला, बोरिवली ते विरार दवाखाने. म्हणून 'डेथ ऑफ अ सेल्समन' (आर्थर मिलर, १९४९) सुचवतोय. विली लोमन, वय ६३, आयुष्यभर फिरती केली, आता कमिशन सुटत नाही. शेजारी चार्लीकडून दर आठवड्याला ५० डॉलर उसने आणतो आणि बायकोला ती आपली कमाई म्हणून दाखवतो. तोच चार्ली नोकरी देतो म्हणतो तर नाही म्हणतो. आमच्या लाइनमध्ये टार्गेट चुकल्यावर घरी खोटं सांगणारे मी पाहिलेत, त्यामुळे हे नाटक माझ्या अंगावर आलं.

ताई, तुमच्या रूथशेजारी विलीची बायको लिंडा ठेवून बघा. तिला सगळं ठाऊक असतं. उसने पैसेही, आणि नवरा जिवाचं काहीतरी करून घेणार हेही. त्याचा अपमान होईल म्हणून ती तोंडावर बोलत नाही. फ्रिजची दुरुस्ती, विम्याचा हप्ता, घराचा शेवटचा हप्ता, सगळं तिच्या डोक्यात. पण हे गप्प राहून सांभाळणं धैर्य म्हणायचं का, यावर माझं आणि बायकोचं एकमत होत नाही. बायकोच्या मते लिंडाने एकदा तरी आरडाओरडा करायला हवा होता.

---

लालबागची_वाचक

सगळ्यांचे मनापासून आभार. परवाच्या शनिवारी तुमचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले.

परळ_भोईवाडा, तुमचं वाचल्यावर काका बराच वेळ बोलले नाहीत, मग स्वतःच्या हिशेबाच्या पैशांचं काय झालं ते पहिल्यांदा सांगितलं. ते इथे लिहीत नाही, त्यांचं त्यांच्याकडे राहू दे. वॉल्टरबद्दलचं मत मात्र त्यांनी बदललेलं नाही. तुमच्यामुळे मला एक मान्य करायला हवं की रूथ हप्ता भरेल, पण ट्रॅव्हिसला जे द्यायचं होतं ते बापानेच द्यायला हवं होतं.

निळी_पहाट, दादा, डग्लस नक्की घेते, रात्रशाळेत आणि इथेही. भाड्याच्या खोलीचं तुम्ही लिहिलंत त्यावर आमच्या चाळीतच दोन तट पडले. पुनर्विकासानंतर वरचे मजले विकायला निघतील तेव्हा कुणाला घर द्यायचं, ही कुजबुज इथेही आहे. तेव्हा हा वाद होणं गरजेचंच होतं.

फिरतीवाला, लिंडाबद्दल मी तुमच्या मिसेसच्या बाजूची. रूथ बोलते. सासूसमोर, नवऱ्यासमोर, ओरडून बोलते. तिला मी लिंडापेक्षा वर ठेवते ते त्यासाठीच.

पोळी-भाजीवाल्या ताईंनी मात्र एक मागणी केलीय: आता घर सोडून निघालेल्यांचं काहीतरी वाचा.

---

अनुजा_व

मग स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' घ्या, १९३९ ची. ओक्लाहोमात धुळीच्या वादळांनी आणि बँकांनी जमिनीवरून उठवलेलं जोड कुटुंब. कॅलिफोर्नियात मजूर हवेत अशी छापील पत्रकं वाचून जुनाट ट्रकमध्ये संसार भरून निघतात. पोहोचतात तर तीच पत्रकं वाचून हजारो आलेले, त्यामुळे मजुरी पडलेली. कादंबरी आल्यावर कॅलिफोर्नियातल्या कर्न काउंटीने तिथल्या शाळांतून आणि वाचनालयांतून तिच्यावर बंदी घातली होती.

तीस प्रकरणं आहेत, सगळी वाचून होणार नाहीत. अठरावं नक्की घ्या. रात्री वाळवंट ओलांडताना ट्रकमध्ये आजी मरते. तपासणी नाक्यावर गाडी रिकामी करायला सांगतात तेव्हा मा जोड सांगते की म्हातारी फार आजारी आहे, डॉक्टरकडे न्यायचंय, सोडा. अधिकारी सोडतात. मृतदेहाशेजारी ती रात्रभर पडून राहते आणि कुटुंब पलीकडे पोहोचल्यावरच सांगते. लालबागची_वाचक, यावर तुमचा गट काय म्हणतो ते मला ऐकायचंय. धागा चालू ठेवा.

---

फिरतीवाला

माझ्याकडे जुनी प्रत आहे, फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेली. गुरुवारी परळला कॉल आहेत, मंडळाच्या खोलीत कुणाकडे ठेवून जाऊ ते कळवा.