मदत हवी आहे: लग्नात पाहुण्यांना द्यायला कुठला काजू पैसा वसूल?

नमस्कार मंडळी,

मी म्हापशाचा. भाचीचं लग्न फोंड्यात आहे, मुलाकडची मंडळी साताऱ्याची. निघताना प्रत्येक घरटी पाव किलो काजूचं पाकीट द्यायचं ठरलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय.

वहिनींचं म्हणणं, "द्यायचे तर १८० नंबरचेच द्या भाऊजी. पाकीट उघडल्यावर डोळ्यांत भरले पाहिजेत, तरच पैसा वसूल!" माझा हिशेब वेगळा. नंबर म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती अख्खे दाणे बसतात तो आकडा. म्हणजे पाव किलोत १८० नंबरचे शंभरेक दाणे येणार आणि ३२० नंबरचे पावणेदोनशेच्या आसपास. वजन तेच, चवीत मला तरी फरक लागत नाही, मग जास्तीचे पैसे निव्वळ आकाराला मोजायचे का? की मधला २४० घेऊन वाद मिटवू?

काजूकतलीपुरता वाद मिटलाय. वाटून पीठच करायचंय तर तुकडा काजू बस्स, तिथे वहिनीही गप्प.

सालवाला की सोललेला, हेही सांगा. भाजलेला सालवाला पर्यटक हौसेने नेतात, पण साताऱ्याच्या आजीबाईंना तुरट साल सोलत बसवणं बरं दिसत नाही. शिवाय ती साल आपण काजूच्याच भावाने तोलून घेतो!

खरं अडलंय ते पुढे. पाकिटावर 'गोव्याचा काजू' लिहायचं तर आत तोच हवा ना? इथले कारखाने आफ्रिकेतून आलेली बीही फोडतात. २०२३ मध्ये गोव्याच्या काजूला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं खरं, पण सुट्या मालात ते ओळखायचं कसं? एका दुकानात विचारलं, तर शेठनी "आमचा सगळा गावठीच" म्हणत चार दाणे हातावर ठेवले. त्यातले दोन सादळलेले.

म्हापसा, डिचोली, फोंडा भागात थेट कारखान्यातून सुटा माल मिळतो का? पाकिटं आधीच भरून ठेवली तर महिनाभर कुरकुरीत राहतील का? भाव लिहिताना नंबर आणि सालवाला की सोललेला तेवढं नक्की लिहा, नाहीतर तुलना जमत नाही.