मदत हवी आहे: गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीवर ठिबक नीट चालेल का?

नमस्कार मंडळी,

राहतो सोलापुरात. आमच्या भागात चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, त्यामुळे बागेच्या पाण्यावरून घरात रोज कुरबुर. वडील पाइप धरतात ते कुंडीच्या बुडातून पाणी वाहेपर्यंत. झाडाला पोटभर मिळालं पाहिजे, हे त्यांचं ठाम मत. आई तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी राखून तांब्या-तांब्याने तुळशीला आणि कढीपत्त्याला घालते. खालच्या काकूंच्या वाळवणावर पाणी ठिबकलं की निवाडा करायला मी.

चाळीसेक कुंड्या आहेत, बहुतेक चौदा इंची. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, ग्रोबॅगमध्ये वांगी-मिरची-टोमॅटो, अर्ध्या ड्रमात लिंबू, कठड्याला कोरफड आणि बोगनवेल. सावली अजिबात नाही. एप्रिलमध्ये काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारी हात लावून बघा, म्हणजे कळेल.

लोखंडी स्टँडवर ५०० लिटरची टाकी आहे, तिचं बूड जमिनीपासून चार फुटांवर. तिथून १६ मिमीची लॅटरल, म्हणजे कुंड्यांजवळून फिरणारी मुख्य नळी, पुढे ४ मिमीच्या नळ्या आणि प्रत्येक कुंडीत ताशी ४ लिटरचा ड्रिपर. बाटली लावून मोजलं. टाकीजवळच्या कुंडीत तासाला दीड लिटरच्या आसपास पडतं, शेवटच्या कुंडीत जेमतेम अर्धा. म्हणजे मोगरा चिखलात आणि वांगी माना टाकून.

प्रश्न असे:
१) ड्रिपर बदलू, की पंप बसवू?
२) टायमर कोणता घ्यावा? मे महिन्यात दहा दिवस गावाला जायचं आहे.
३) आरओचं वाया जाणारं पाणी चालेल का?
४) मुळात एका कुंडीला रोज किती पाणी लागतं? वडिलांना आकडा दाखवायचा आहे.

प्रतिसाद १
पंप नको. ड्रिपरवरचा ४ लिटरचा आकडा एक किलो दाबाचा असतो, म्हणजे साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याचा. तुमची चार फूट म्हणजे सव्वा मीटर. दाब आठव्या हिश्श्यावर आला तरी प्रवाह त्याच्या वर्गमुळाच्या हिशेबाने घटतो, म्हणून ४ चा दीडच्या आसपास होतो. तुमची बाटली बरोबर आहे, चुकली आहे ती लाइनची मांडणी.

दुकानदार 'प्रेशर कॉम्पेन्सेटिंग' (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारे) ड्रिपर गळ्यात मारेल, घेऊ नका. एवढ्या कमी दाबावर ते धड काम करत नाहीत. टाकीपासून २५ मिमीचा पाइप गच्चीच्या मध्यापर्यंत आणा आणि लॅटरलची दोन्ही टोकं जोडून तिची रिंग करा. रिंगमध्ये पाणी दोन्ही बाजूंनी येतं, त्यामुळे 'शेवटची कुंडी' उरतच नाही. लॅटरल जमिनीला सपाट ठेवा. मध्ये उंचवटा आला की तिथे हवा अडकते आणि कमी दाबाला ती ढकलता येत नाही. जाळीचा फिल्टर दर आठवड्याला धुवा. रिंगमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून एक बूच ठेवा, अधूनमधून ते उघडून गाळ सोडून द्या. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार धरतो, म्हणून डोकं फिरवून उघडता येणारे ड्रिपर बरे.

प्रतिसाद २
टायमर घेताना तो बॉल व्हॉल्व्हचा (आतला गोळा फिरवून पाणी सोडणारा) आहे का ते विचारून घ्या. सोलेनॉइडवाल्या (विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या) बऱ्याच टायमरना किमान दाब लागतो, टाकीवर ते कधी उघडतच नाहीत तर कधी नीट बंद होत नाहीत. आणि गावाला जाण्याआधी आठवडाभर घरी असतानाच चालवून बघा.

आरओचं पाणी रोज नको. त्यात क्षार एकवटलेले असतात, कुंडीत साठत जातात आणि पानांच्या कडा जळतात. मी ते फरशीला वापरते. एसीचं पाणी मिळालं तर मात्र सोडू नका, त्यात क्षार नसल्यातच जमा.

तुमच्या वडिलांची बाजूही घेते. पाणी जड असेल तर महिन्या-दीड महिन्यातून एकदा बुडातून वाहेपर्यंत पाणी द्यावंच लागतं, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. फक्त ते रोज नको, आणि काकूंचं वाळवण नसेल त्या दिवशी!

प्रतिसाद १
चौथ्या प्रश्नाचं राहिलं. एक चौरस मीटरवर एक मिमी पाणी म्हणजे एक लिटर. चौदा इंची कुंडीचं तोंड चौरस मीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं. उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ मिमी उडतं असं धरलं तर पाऊण लिटर. पण झाडाचा घेर कुंडीबाहेर असतो, गच्चीवर वाराही गरम, तेव्हा एक ते सव्वा लिटर धरा. हिवाळ्यात याच्या निम्मं. मातीत बोट दोन पेरं घालायचं, ओल लागली तर त्या दिवशी सुट्टी.

आता तुमचे दहा दिवस. चाळीस कुंड्या गुणिले सव्वा म्हणजे रोज ५० लिटर, दहा दिवसांत भरलेली टाकी पूर्ण संपते. शिवाय टाकी उतरत जाते तसा दाबही उतरतो. कोरफड आणि बोगनवेल लाइनवरून काढा, बाकीच्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधा. लिंबाच्या ड्रमात एक ड्रिपर पुरणार नाही, बुंध्यापासून लांब तीन-चार ठिकाणी द्या.

धागाकर्ता
मनापासून आभार. रविवारी रिंग करतो. सव्वा लिटरचा आकडा वडिलांना दाखवला, 'बघू' म्हणाले, म्हणजे निम्मं काम झालं. लिंबाच्या ड्रमात मटकं पुरलं तर?

प्रतिसाद २
ड्रमात चालेल. कोरं, रंग न दिलेलं मटकं घ्या, गळ्यापर्यंत पुरा, वर झाकण ठेवा नाहीतर डास होतील. चौदा इंचीत नको, मुळांनाच जागा उरत नाही.

आणि सगळ्यांत आधी मातीवर आच्छादन करा, ठिबक नंतर. उसाचं पाचट दोन इंच.

धागाकर्ता
शहरात पाचट कुठून आणू?

प्रतिसाद ३
रसवंतीवाल्याकडून चिपाडं आणा, तो हसत देईल. एकदा पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा, नाहीतर गोडाला मुंग्या लागतात. मग कोयत्याने बोटभर तुकडे करून पसरा, पण बुंध्याला चिकटवू नका.